किंमत कळण्याआधी सही करू नका

अमेरिकेत एमबीएला जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो : 'अर्ली डिसिजन'मध्ये अर्ज टाका, चान्स वाढतो. सल्ला देणारा कधी पुण्या-मुंबईतला कन्सल्टंट असतो, कधी दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलेला सीनियर असतो. दोघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास भरपूर असतो. माझे म्हणणे सरळ आहे. ज्याच्या घरी पूर्ण फी भरायची सोय नाही, त्याच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. आपल्यातून अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या घरी ती सोय नसते. म्हणून हा सल्ला आपल्या मोहल्ल्यांतून, वसतिगृहांतून आणि करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांतून हद्दपार झाला पाहिजे.

गेली काही वर्षे मी ओळखीपाळखीतल्या मुलांचे अर्ज आणि निबंध वाचून देतो. निबंधातल्या चुका दुरुस्त करता येतात. कमी आलेला जीमॅटचा स्कोअर पुन्हा परीक्षा देऊन वाढवता येतो. पण बंधनकारक फेरीत केलेली सही मागे घेता येत नाही, आणि नेमकी तीच सही सगळ्यात कमी विचार करून केली जाते, असे मी पाहतो आहे. त्यावरच हा लेख आहे.

नेमके काय लिहून दिले जाते

अर्ली डिसिजन म्हणजे नुसता लवकर केलेला अर्ज नव्हे. लवकर अर्ज तर पहिल्या फेरीतही करता येतो. अर्ली डिसिजनमध्ये तुम्ही एका बिझनेस स्कूलला लेखी वचन देता : हीच माझी पहिली पसंती आहे, तुम्ही घेतलेत तर मी येणारच, आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईन. प्रवेश मिळाला की थोड्याच दिवसांत अनामत भरायची. ती परत मिळत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये ही पद्धत अनेक वर्षे चालली. तिथली अनामत ६,००० डॉलर होती. डॉलर ८५ रुपये धरला तर पाच लाखांच्या वर. अलीकडे कोलंबियाने ती पद्धत सोडून इतरांसारख्या साध्या फेऱ्या सुरू केल्या. पण म्हणून प्रश्न संपला असे नाही. ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा स्कूलची पहिली फेरी 'अर्ली ॲक्शन' या नावाने ओळखली जाते आणि तीही बंधनकारक म्हणूनच चालत आली आहे. गंमत अशी की बारावीनंतरच्या पदवी प्रवेशात 'अर्ली ॲक्शन' म्हणजे बंधन नसलेली फेरी. तोच शब्द, अर्थ उलटा. त्यामुळे नावावर जाऊ नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचे कलम स्वतः वाचा, कन्सल्टंटच्या पीपीटीतून नको.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या हार्वर्ड आणि स्टॅनफर्डची नावे घरोघरी घेतली जातात, तिथल्या बिझनेस स्कूलना नेहमीच्या एमबीएसाठी असे वचन लिहून घ्यावे लागत नाही. मुले तशीही येतात. वचन मागणारा बहुतेकदा तोच असतो ज्याला आपण हातातून निसटू अशी धास्ती असते. ती धास्ती म्हणजे खरे तर तुमची ताकद आहे. सही करून ती ताकद तुम्ही फुकट देऊन टाकता.

शाळेला यातून काय मिळते

प्रत्येक बिझनेस स्कूलला एक आकडा सतावत असतो. प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती जण आले? हा आकडा चांगला असला की शाळेला मागणी आहे असे दिसते, वर्ग किती भरेल याचा अंदाज पक्का होतो, आणि कमी जणांना प्रवेश देऊन भागते. अर्ली डिसिजनमधला प्रत्येक प्रवेश म्हणजे पक्के गिऱ्हाईक.

आता शिष्यवृत्तीचा विचार करा. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डची बिझनेस स्कूल्स मदत देताना घरची गरज बघतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलने तर २०२२ मध्ये जाहीर केले की सर्वांत जास्त गरज असलेल्या विद्यार्थ्यांची पूर्ण ट्यूशन फी शाळा भरेल. पण इतर बहुतेक शाळांत शिष्यवृत्तीचा मोठा भाग 'मेरिट'वर दिला जातो. मेरिट हा शब्द ऐकून आपल्याला गुणपत्रिका आठवते. व्यवहारात ही रक्कम ओढून आणण्यासाठी वापरली जाते. जो विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी निवडला जाऊ शकतो, त्याने आपल्याकडे यावे म्हणून पैसे पुढे केले जातात. ज्याने आधीच 'मी येणारच' असे लिहून दिले, त्याला ओढून आणायचे कारण काय?

शाळा म्हणतील, आम्ही सगळ्यांचा सारखाच विचार करतो. एखादी शाळा प्रामाणिकपणे तसे करतही असेल. पण तुमच्या हातात दुसऱ्या शाळेचे पत्रच नसेल, तर मिळालेली रक्कम योग्य आहे की नाही हे तुम्हाला कसे कळणार? आणि कमी वाटली तर वाढवून मागणार कशाच्या जोरावर? साध्या फेऱ्यांत प्रवेश मिळालेले विद्यार्थी दुसरीकडचे पत्र दाखवून रक्कम वाढवून मागतात, आणि बऱ्याचदा ती वाढते. हे तिकडे गेलेल्या कुणालाही विचारा. भाजी घेतानासुद्धा आपली अम्मी दोन गाड्यांवर भाव विचारते. दोन कोटींच्या व्यवहारात आपण पहिल्याच गाडीवर डोळे मिटून पिशवी पुढे करायची?

हे अमेरिकेलाच ठाऊक आहे

ही माझ्या डोक्यातून निघालेली शंका नाही. अमेरिकेत पदवी प्रवेशाच्या अर्ली डिसिजनवर पंचवीस वर्षांपासून वाद चालू आहे. २००१ मध्ये जेम्स फॅलोज यांनी 'द अटलांटिक' मासिकात या पद्धतीवर घणाघाती लेख लिहिला. २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिलमधली बंधनकारक फेरी बंद केली. त्याच वर्षी येल आणि स्टॅनफर्डने वचनाची अट काढून टाकायचे ठरवले. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकरचे प्रवेशच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामागचे उघड कारण हेच होते की या फेरीचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो. पुढे २०११ मध्ये दोघांनीही लवकरची फेरी परत आणली, पण 'आलेच पाहिजे' हे बंधन घातले नाही.

२००३ मध्ये ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघांच्या 'द अर्ली ॲडमिशन्स गेम' या पुस्तकाने आकडेवारीनिशी दाखवले की लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटी परीक्षेतल्या सुमारे १०० गुणांइतका असू शकतो. म्हणजे चान्स वाढतो हे पदवीच्या पातळीवर खरे आहे. पण त्या पुस्तकाची दुसरी बाजू कन्सल्टंट सांगत नाहीत : ज्यांना खेळाचे नियम ठाऊक असतात आणि मदतीची तुलना करायची गरज नसते, तेच हा फायदा घेतात.

आणखी एक नमुना बघा. अमेरिकेतल्या प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेचा एक नियम होता : फक्त अर्ली डिसिजनवाल्यांसाठी म्हणून कॉलेजांनी खास सवलती देऊ नयेत. २०१९ मध्ये तिथल्या न्याय खात्याने अशा नियमांवर आक्षेप घेतला, कारण त्यांमुळे कॉलेजांमधली स्पर्धा दबते. संघटनेला ते काढावे लागले. जो आधी वचन देतो त्याला जास्तीचे काही देऊ नका, असे चक्क नियमात लिहिलेले होते! हे सगळे पदवीच्या पातळीवरचे. बिझनेस स्कूलच्या बंधनकारक फेरीमागचे गणितही यापेक्षा निराळे नाही. फरक एवढाच की तिथे फी जास्त आहे आणि त्यावर आरडाओरडा करणारे कमी आहेत.

आपल्या घरचे गणित

आता आकडे मांडू. अमेरिकेतल्या वरच्या बिझनेस स्कूलची ट्यूशन फी वर्षाला साधारण ८० हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. राहणे, जेवण, विमा धरून दोन वर्षांचा खर्च २ लाख ४० हजार डॉलर धरा. ८५च्या दराने २ कोटी ४ लाख रुपये.

समजा, भिवंडीची एक मुलगी आहे. इंजिनीअरिंग झालेले, चार वर्षांची नोकरी, स्कोअर चांगला. तिने बंधनकारक फेरीत अर्ज केला आणि प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती शून्य. साध्या फेऱ्यांत तिने चार ठिकाणी अर्ज केला असता, तर त्यातल्या एखाद्या शाळेने ८० हजार डॉलर दिले असते. हे मी उदाहरण म्हणून धरतो आहे, पण अशा रकमा तिकडे खरोखर दिल्या जातात. फरक झाला ६८ लाखांचा. या ६८ लाखांवर ११ टक्के व्याज धरले, तर पहिल्या एका वर्षाचे व्याजच साडेसात लाखांच्या घरात जाते. चान्स वाढवण्याची ही किंमत. ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

कर्ज मिळणे हीसुद्धा आपल्याकडे सरळ गोष्ट नाही. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात. तारण म्हणजे घर. आणि आपली घरे कशी आहेत? कुठे गावठाणातले वडिलोपार्जित घर, ज्याच्या उताऱ्यावर अजून मरहूम दादांचे नाव आहे आणि सात वारस आहेत. कुठे गुंठेवारीतला प्लॉट. कुठे मुंब्र्यातला ताबा प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका मुस्लिमबहुल भागांना 'निगेटिव्ह' विभाग मानतात. त्याच अहवालात हेही आहे की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांत एक एवढेच मुसलमान होते. जो त्या पन्नासातला एक होतो, त्याला आणखी पुढे जाताना बँकेच्या दारात पत्त्यामुळे अडवले जाते.

विनातारण, विनाजामीन कर्ज देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. त्यांचे व्याजही तसेच चढे असते. केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची योजना होती. अल्पसंख्याक समाजातल्या दुर्बल घटकांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज शिक्षणाच्या काळात सरकार भरत असे. २०२२-२३ पासून ती बंद केली. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही गेली. म्हणजे जो आधार थोडाफार होता तोही काढून घेतला आहे, आणि अशा वेळी आपल्याच मुलांना आपण सांगतो आहोत की बाबा, किती पैसे लागतील ते विचारू नकोस, आधी सही कर.

व्याजाचा प्रश्न टाळता येणार नाही

आपल्या घरांत कर्जाबरोबर व्याजाचा प्रश्न येतोच. कुणी म्हणतो शिक्षणासाठी मजबुरी आहे, कुणी म्हणतो हराम ते हराम. मी आलिम नाही आणि इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. पण दोन्ही बाजूंच्या लोकांनी एक साधी गोष्ट बघावी. व्याज टाळायचे किंवा निदान कमी करायचे तर सगळ्यात मोठे हत्यार शिष्यवृत्ती आहे. शिष्यवृत्ती वाढते ती तुलनेने. आणि तुलनेचा हक्क तर तुम्ही अर्जाच्या पहिल्याच दिवशी देऊन बसता. व्याजाला घाबरणाऱ्याने बंधनकारक फेरीत अर्ज करणे म्हणजे पावसाला घाबरून छत्री विकण्यासारखे आहे.

फिक्हची ओळख असलेल्यांना आणखी एक मुद्दा पटेल. खरेदी-विक्रीत किंमत दोन्ही बाजूंना माहीत असावी, अनिश्चिततेवर सौदा करू नये, हा आपल्या फकीहांनी शेकडो वर्षे घोटलेला नियम आहे. त्या अनिश्चिततेला ते 'गरर' म्हणतात. यावर एका हुशार मुलाने मला विचारले, 'पण किंमत तर वेबसाइटवर छापलेली असते की!' बरोबर आहे. ती पूर्ण किंमत आहे. ती भरायची तयारी असेल तर सौदा स्वच्छ आहे. पण आपण ती भरायच्या तयारीने जात नाही. आपण 'काहीतरी मिळेलच' या आशेवर जातो, आणि ते 'काहीतरी' सहीच्या वेळी कुणालाच माहीत नसते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. शिष्यवृत्ती शून्य मिळाली असे समजा. छापील किंमत पूर्ण भरावी लागेल असे समजा. तरीही तुम्ही जाल का, आणि घर गहाण न टाकता जाल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल बंधनकारक फेरीत अर्ज करा. घरचा धंदा आहे, कंपनी खर्च करते आहे, किंवा त्या शाळेतच शिकण्याचे पक्के कारण आहे, तर तुमचे मत आणि माझे मत यांत भांडण नाही. उत्तर 'नाही' असेल किंवा 'बघू' असेल, तर सही करू नका.

'सही करा, नंतर बघू' हा सल्ला आणखी वाईट

काही सल्लागार इथे डोळा मारून सांगतात : सही करा, पैसे कमी मिळाले तर जाऊ नका, कोण पकडायला येणार आहे? हा सल्ला मला पहिल्यापेक्षाही जास्त खटकतो.

करार पाळा, ही आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. ती फक्त मुसलमानाने मुसलमानाशी केलेल्या करारापुरती आहे, असे कुणी म्हणत असेल तर त्याने पुन्हा वाचावे. व्यवहाराच्या बाजूनेही बघा. अमेरिकेतली प्रवेश कार्यालये कोणत्या कॉलेजातून, कोणत्या शहरातून कोण आले आणि कसे वागले हे विसरत नाहीत. आज एकाने वचन मोडले, तर उद्या त्याच कॉलेजातून अर्ज करणाऱ्या मुलीच्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाऊ शकते. आपल्यातून इतके कमी जण तिथवर पोहोचतात की एकाच्या वागण्याचे ओझे बाकीच्यांच्या डोक्यावर येते. हे अन्यायाचे आहे, पण आहे.

आणि पदवी प्रवेशात मदत अपुरी पडली तर वचनातून सुटका मिळण्याची वाट असते, तशी बिझनेस स्कूलमध्ये असेलच असे धरून चालू नका. लेखी कलमात दिसली तरच ती आहे. फोनवर कुणी गोड बोलले म्हणून ती आहे असे होत नाही. मुद्दा असा : जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. आणि ज्या शाळा किंमत न सांगता वचन मागतात, त्यांना दोष द्यायला आपण घाबरू नये. वचन मोडणाऱ्याकडे सगळे बोट दाखवतात, असे वचन मागणाऱ्याकडे कुणी दाखवत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : प्रवेशच मिळाला नाही तर शिष्यवृत्ती कसली? चान्स वाढत असेल तर घ्यावा. उत्तर : लवकर अर्ज करण्याचा खरा फायदा जागा आणि शिष्यवृत्तीचा निधी शिल्लक असताना पोहोचण्याचा आहे. तो बंधन नसलेल्या पहिल्या फेरीतही मिळतो. बहुतेक शाळांची पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते आणि निकाल डिसेंबरच्या सुमारास लागतात. दुसरी जानेवारीत, निकाल मार्चच्या आसपास. तयारी उन्हाळ्यात संपवा, पहिल्या फेरीत तीन-चार ठिकाणी अर्ज टाका. लवकर जा, पण मोकळ्या हातांनी जा.

दुसरा आक्षेप : चार-पाच अर्जांचा खर्च कोण करणार? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. एका अर्जाची फी साधारण २५० डॉलर असते. पाच अर्ज म्हणजे लाखाच्या वर. जीमॅटची फी वेगळी. एका साध्या घरासाठी हे दोन-तीन महिन्यांचे उत्पन्न आहे. पण अनेक शाळा विनंती केल्यावर, ऑनलाइन माहिती सत्राला हजर राहिल्यावर किंवा गरज दाखवल्यावर अर्जाची फी माफ करतात. आपली मुले मागायला लाजतात. लाजू नका, ईमेल लिहा. ती भीक नाही, ठेवलेली सोय आहे. आणि जिथे माफी मिळत नाही तिथे समाजाने पैसे घालावेत. एका सत्कार समारंभाच्या मंडप-बिर्याणीच्या खर्चात किती अर्ज बसतील याचा हिशेब करा.

तिसरा आक्षेप : अमेरिकेचे कशाला बोलता, आपल्या पोरांना बारावीच पूर्ण करता येत नाही. हा आक्षेप मला दर बैठकीत ऐकायला मिळतो. बारावीची लढाई पहिली आहे, मान्य. पण एक लढाई चालू आहे म्हणून दुसऱ्या मैदानात उतरलेल्यांना एकटे सोडायचे असते का? बद्रुद्दीन तैयबजी लहान वयात विलायतेला शिकायला गेले. परत येऊन बॅरिस्टर म्हणून नाव कमावल्यावर, १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते होते. बाहेर शिकलेल्या माणसाने आतल्या शाळा उभ्या केल्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

आपण काय करायचे

दोष फक्त अमेरिकेतल्या शाळांना किंवा कन्सल्टंटना देऊन भागणार नाही. आपली मुले घाईने सही करतात, कारण त्यांना वेळेवर पाठबळ देणारे कुणी नसते. आपले बरेच ट्रस्ट आणि जमाती शिष्यवृत्तीचे अर्ज जूनमध्ये, निकाल लागल्यावर उघडतात. बाकीची मदत रमजानच्या जकातीवर चालते. अमेरिकेच्या प्रवेशाचे कॅलेंडर सप्टेंबरला सुरू होते आणि निर्णय डिसेंबर ते एप्रिलमध्ये घ्यायचे असतात. आपली मदत पोहोचते तेव्हा मुलाने बँकेचे कागद सही करून दिलेले असतात.

म्हणून ट्रस्टना माझी मागणी आहे : डिसेंबरपर्यंत सशर्त मंजुरीपत्र द्या. 'तुला प्रवेश मिळाला तर आमच्याकडून एवढे लाख बिनव्याजी' एवढे एक पान हातात असले, तरी मुलाला शाळेशी बोलताना आणि घरी निर्णय घेताना बळ येते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या पैशांची सोय दाखवावी लागते, तिथेही ते पान कामाला येते. बिनव्याजी कर्ज म्हणजे काही स्वप्न नाही. के. सी. महिंद्रा ट्रस्ट १९५६ पासून परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देत आला आहे, कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्याला. कर्ज-ए-हसनाची कल्पना ज्या समाजाच्या दीनमध्ये आहे, त्या समाजाचे ट्रस्ट शिलाई मशीन वाटून थांबतात, याचे मला वाईट वाटते.

दुसरी मागणी आधी गेलेल्यांना. तुम्ही यशाचे फोटो टाकता, आनंद आहे. पण शाळेने किती दिले, तुम्ही किती मागितले, किती वाढवून मिळाले, कर्ज किती आणि हप्ता किती, हेही मागून येणाऱ्यांना सांगा. नाव लपवून सांगा, पण आकडा सांगा. कन्सल्टंटचा धंदा आपल्या या मौनावरच चालतो.

तिसरी मागणी सरकारला. 'पढो परदेश' बंद करताना जी पोकळी झाली, ती भरा. व्याजाचे अनुदान नको असेल तर थेट शिष्यवृत्ती द्या. पण निकाल प्रवेशाच्या मोसमात लावा, विमान उडून गेल्यावर नको.

चौथी मागणी शाळांना, आणि ती आपण प्रत्येकाने माहिती सत्रात हात वर करून विचारायची आहे : तुमच्या बंधनकारक फेरीतल्या विद्यार्थ्यांना सरासरी किती शिष्यवृत्ती मिळते आणि बाकीच्यांना किती? परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा काय आहे? वीस मुलांनी वीस सत्रांत हाच प्रश्न विचारला तर त्यांना उत्तर शोधावे लागेल. उत्तर टाळले, तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटी घरच्यांशी दोन शब्द. पोराला किंवा पोरीला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली की आपण लगेच शाल-नारळ घेऊन सत्काराला जातो. थोडे थांबा. आधी विचारा, बेटा, पैसे कुठून? शिष्यवृत्ती किती? दुसरीकडे अर्ज केला आहेस का? हे प्रश्न अपशकुनी नाहीत. मुलीला दूर पाठवायला घरात जो संकोच असतो, तोही दोन-तीन शहरांचे, दोन-तीन शाळांचे पर्याय समोर असले की बोलून सुटतो. एकच शाळा आणि सही झालेला कागद समोर ठेवला, तर बोलायला जागाच राहत नाही.

आणि दोस्तांनो, तुम्हाला एवढेच. तुमची किंमत कुणीतरी लावावी म्हणून तुम्ही रांगेत उभे नाही. तुम्ही चार वर्षे नोकरी केली आहे, रात्री जागून परीक्षा दिली आहे. तुम्हाला घेण्यात त्या शाळेचाही फायदा आहे. मग तिला तिचा भाव आधी सांगू द्या. सगळी पत्रे एका टेबलावर ठेवा, अब्बांना दाखवा, हिशेब करा. मग जिथे सही कराल तिथले वचन शेवटपर्यंत पाळा.